न पाहिलेले ३८ गुंठे

पत्र : मी बंगळुरूला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. वय ४१. बाबांचं मूळ गाव राजापूर तालुक्यातलं. आजोबांचं घर १९९४ साली काकांनी विकलं. बाबा गेल्या वर्षी गेले. शेवटच्या आजारपणात ते सारखे गावच्या विहिरीबद्दल बोलायचे. तेव्हापासून त्या बाजूला आपली थोडी जमीन असावी असं मनात आहे. त्याच गावापासून १२ किलोमीटरवर ३८ गुंठे विकायला आहेत, गुंठ्याला ३५ हजार, म्हणजे १३ लाख ३० हजार. एजंटने ड्रोनचा व्हिडिओ पाठवला : हिरवंगार पठार, खाली वाहता पऱ्या (ओढा), लांबवर समुद्राची रेघ. सातबारा कोरा आहे म्हणतो. सातबाऱ्यावर ११ नावं आहेत, पण सगळे तयार आहेत आणि चौघांचं मुखत्यारपत्र त्याच्याकडे आहे. मी शेतकरी नाही, पण दाखल्याची सोय तोच करणार. रविवारपर्यंत १ लाख टोकन रोख पोचवायचं, कारण मुंबईची दुसरी पार्टी मागे लागली आहे. मला दिवाळीपर्यंत सुट्टी नाही. मस्कतला असलेले दीर निम्मे पैसे घालायला तयार आहेत, त्यांचंही नाव लावायचं आहे. व्हिडिओ, सातबारा आणि गूगलचा नकाशा एवढ्यावर जमीन घ्यावी का? – स., बंगळुरू

उत्तर :

स. ताई,

रविवारी एक रुपयाही देऊ नका, हे मी तुम्हाला शनिवारीच कळवलं होतं. तुम्ही दिला नाहीत हे वाचून बरं वाटलं. बाकीचं इथे सविस्तर लिहितो, कारण असाच व्हिडिओ हातात घेऊन बसलेली आणखीही माणसं हे सदर वाचतात.

मी ३१ वर्षं भूमी अभिलेख खात्यात मोजणी केली, त्यातली निम्मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात. साखळी ओढली, प्लेन टेबल मांडलं, शेवटी शेवटी रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून मोजणारं यंत्रही हातात आलं. मोजणीवाल्याला कोण बोलावतं? बहुतेकदा, ज्याचा वाद लागलाय तो. त्यामुळे जमीन घेताना काय चुकतं ते मी चुकून गेल्यावर, बांधावर उभं राहून पाहिलेलं आहे. आणि त्या माणसांपैकी बऱ्याच जणांनी पैसे देण्याआधी तो बांध पाहिलेलाच नव्हता.

खरेदीखतात चतुःसीमेचा एक परिच्छेद असतो. पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस तमक्याची, दक्षिणेस पायवाट, उत्तरेस वहाळ. दस्त लिहिणारा तो पुष्कळदा मागच्या दस्तातून तसाच उतरवून घेतो आणि घेणाराही त्यावरून नजर फिरवून पुढे जातो. माझ्या दृष्टीने सगळ्या दस्तात महत्त्वाच्या त्या चार ओळी. नावं, क्षेत्र, बोजा (जमिनीवरचं कर्ज), फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) हे सगळं तुम्हाला बंगळुरूत बसून तपासता येईल. चतुःसीमा येणार नाही. तुमची वाट त्या चौघांपैकी कुणाच्या तरी जमिनीतून येणार, पावसाचं पाणी कुणाच्या तरी शेतात उतरणार, उन्हाळ्यात मोकळी सोडलेली गुरं कुणाच्या तरी गोठ्यातून येणार. जमीन बघायला जायचं ते या चार शेजाऱ्यांना भेटायला.

आता तुमच्या व्हिडिओकडे येऊ. तो कुठल्या महिन्यात काढला ते एजंटला विचारलंत का? रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. श्रावण-भाद्रपदात राजापूरचा उघडा कातळसुद्धा हिरवा दिसतो. जांभ्याच्या सड्यावर बोटभर मातीत गवत उगवतं, खळग्यांत पाणी साठतं, जांभळ्या-पिवळ्या फुलांचे ताटवे येतात. ते दृश्य खरं असतं. मी त्या सड्यांवर दिवसचे दिवस चाललोय आणि मला ते फार आवडतात. पण एप्रिलमध्ये तिथे जा. गवत वाळून गेलेलं, दगड काळा पडलेला आणि दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून खाली झिरपतं, खालच्या चिकट मातीच्या थरापाशी थांबतं आणि डोंगराच्या पायथ्याला झऱ्यातून बाहेर येतं. म्हणून कोकणात घरं, विहिरी, पोफळीच्या बागा उताराखाली आणि सडा वर मोकळा. तुमच्या व्हिडिओत जमीन वर आहे आणि पऱ्या खाली आहे. तो पऱ्या डिसेंबरात वाहतो का आणि मे महिन्यात त्यात काय उरतं, हे ड्रोनला कळत नाही. खालच्या वाडीतल्या बाईला कळतं, कारण हंडा तिच्या डोक्यावर असतो.

कातळावर हापूस होत नाही असं नाही. लोकांनी सुरुंग लावून खड्डे काढले, बाहेरून माती आणून भरली, पहिली काही वर्षं घागरीने पाणी घातलं आणि बागा उभ्या केल्या. पण ती तयारी ठेवून घेणं वेगळं आणि हिरवळ बघून घेणं वेगळं. त्या खर्चापुढे तुमचे १३ लाख ३० हजार ही नुसती सुरुवात ठरेल.

याचा थोडा अंदाज घरूनही येतो. गूगल अर्थ संगणकावर उघडून जुनी उपग्रहचित्रं बघायची सोय वापरा आणि त्याच जागेचं मार्च, एप्रिल, मे यांतलं चित्र शोधा. हिरवं काय राहिलंय तेवढं बघा. दुसरी खूण सातबाऱ्यावरच असते आणि ती फारसं कुणी बघत नाही : आकार. जमिनीचा आकार, म्हणजे शेतसारा, जुन्या प्रतबंदीवरून ठरला. जमिनीची माती, खोली, पाणी बघून त्या काळच्या लोकांनी प्रत ठरवली होती. त्याच गावातला एखादा भातखाचराचा सातबारा काढा, त्याचा हेक्टरी आकार काढा आणि तुमच्या ३८ गुंठ्यांशी ताडून बघा. तुमच्याकडे काही पैसेच निघाले तर ती वरकस, म्हणजे हलकी डोंगराळ जमीन आहे, हे आपल्या पणजोबांच्या काळीच लिहून ठेवलेलं आहे. पोटखराब्याचा रकानाही बघा. ३८ पैकी किती गुंठे लागवडीला अयोग्य म्हणून नोंदलेत ते तिथे कळतं.

आता दुसरी गोष्ट, जिच्यामुळे माझी झोप उडालेली आहे. व्हिडिओत दिसते ती जमीन सातबाऱ्यावरचीच कशावरून?

डोंबिवलीचे एक निवृत्त बँक कर्मचारी होते. त्यांना रस्त्याला लागून असलेली, जुनी चार कलमं असलेली एक एकर जागा दाखवली गेली. गाव बरोबर, सर्व्हे नंबर बरोबर. त्यांनी पैसे दिले, दस्त झाला, सातबाऱ्यावर नाव आलं. जांभ्याचा गडगा घातला, चाळीस कलमं लावली, शनिवार-रविवार मुंबईहून येऊन ती जगवली. सहाव्या वर्षी शेजाऱ्याने मोजणी टाकली आणि ती मोजणी माझ्याकडे आली. टिपण, म्हणजे जुन्या मोजणीच्या मापांचा कागद काढला, हिस्सा नकाशा काढला, जागेवर बसवून बघितला. त्यांचा हिस्सा नंबर वहाळाच्या पलीकडे निघाला, उभ्या उतारावर, वाट नसलेला. गडगा पूर्णपणे दुसऱ्याच्या हिश्श्यात होता. मी मोजणी नकाशाच्या ‘क’ प्रतीवर खुणा केल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “मग मी सहा वर्षं पाणी कुणाच्या झाडांना घातलं?” मला त्यांना उत्तर देता आलं नाही. कागद सगळे खरे होते, ताई. खोटी होती फक्त बोट दाखवून सांगितलेली जागा.

कोकणात एका सर्व्हे नंबरचे दहा-पंधरा हिस्से असणं नेहमीचं आहे. म्हणून सर्व्हे नंबर जुळला एवढ्यावर समाधान मानू नका. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर हिश्श्याचा आकार दिसतो. तो कागदावर काढा आणि उपग्रहाच्या चित्रावर ठेवून बघा. वळण, वहाळ, रस्ता जुळतात का? हे पहिलं गाळण. शेवटची खात्री भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीनेच होते. मोजणीचा अर्ज विकणाऱ्याने करायचा, फी तुम्ही देऊ केलीत तरी चालेल, आणि खुणा रोवताना लगतधारक, म्हणजे शेजारच्या जमिनींचे मालक, हजर हवेत. एजंट म्हणेल, मोजणी नंतर करू. नंतरच्या मोजण्या मी पुष्कळ केल्या आहेत.

आणि वाट. नकाशावर रस्ता तुमच्या हद्दीला टेकलेला आहे का? नसेल तर गाडी कुणाच्या जमिनीतून आत जाणार? आज तो शेजारी ‘जा की’ म्हणतो, कारण विकणारा त्याचा भाऊबंद आहे. तुम्ही परक्या. वहिवाटीची जुनी वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. वाट नसेलच तर महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून मागता येते. मात्र त्यात वर्षं जातात आणि मिळालेली वाट बहुधा गाडीची नसते. वाट हवीच असेल तर तिचा हक्क नोंदणीकृत दस्तात लिहून घ्या, ज्याच्या जमिनीतून जाते त्याच्या सहीने.

कागदांबद्दल तुम्ही विचारलं आहे, तर त्याकडे वळतो. ‘सातबारा कोरा’ हा शब्द आपल्याकडे कर्जमाफीच्या भाषणांतून घरोघर पोचला. त्याचा अर्थ एवढाच की बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा नाही. मालकी निर्वेध आहे असा त्याचा अर्थ होत नाही. सातबारा मुळात महसुलासाठीची नोंद आहे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती बरोबर मानतात, पण मालकीचा शेवटचा पुरावा म्हणून न्यायालय ती घेत नाही. एजंटने पाठवलेला फोटो बाजूला ठेवा आणि स्वतः १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढा. सोबत आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा. मग इतर हक्काचा रकाना शब्दन् शब्द वाचा.

तिथे कुळाचं नाव असेल तर थांबा. कलम ३२ग, ३२म किंवा ४३ असे उल्लेख असतील तर ती जमीन कुळकायद्याने मिळालेली आहे. अशी जमीन विकायला पूर्वी परवानगी लागायची. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाला खरेदीचं प्रमाणपत्र मिळून १० वर्षं झाली असतील तर आकाराच्या ४० पट रक्कम भरून ती विकता येते. ती रक्कम इतकी लहान असते की विकणाऱ्याने भरली नसेल तर का भरली नाही हे विचारावंसं वाटतं. भोगवटादार वर्ग २ (विकण्यावर सरकारी बंधनं असलेली जमीन) असेल, देवस्थान इनाम असेल, आदिवासी खातेदार असेल तर मामला माझ्या-तुमच्या हातातला नाही, वकिलाशिवाय पाऊल टाकू नका. ‘खाजगी वने’ असा शेरा दिसला तर सरळ नाही म्हणा. १९७५ च्या कायद्याने अशी वनं सरकारकडे गेली आहेत. आणि झाडांची नोंद बघा. कोकणात जमीन एकाची आणि तिच्यातली आंब्या-फणसाची झाडं दुसऱ्याची असं असतं, आणि ते इतर हक्कात लिहिलेलं असतं. तो दुसरा दर वैशाखात आंबे उतरवायला येईल आणि तुम्ही त्याला अडवू शकणार नाही.

प्रलंबित फेरफार आहे का हेही नव्या सातबाऱ्यावर खाली छापलेलं असतं. जुने फेरफार मात्र तहसील कार्यालयातून नकला काढून वाचायला हवेत, अगदी पहिल्यापासून. हे काम राजापूरला बसणाऱ्या दिवाणी वकिलाला द्या. वकील तुम्ही शोधा, एजंटने सुचवलेला नको. दुय्यम निबंधकाकडचा ३० वर्षांचा शोध अहवालही त्याच्याकडूनच घ्या.

११ नावांचं मला जास्त भय वाटतं. तुम्ही मुंबईतल्या चाळीत वाढला असतात तर तुम्हालाही वाटलं असतं. त्या अकरांपैकी बहुतेक जण लालबाग, विरार, नालासोपारा इथे असणार. काही वारले असतील आणि त्यांच्या वारसांची नोंदच झाली नसेल. बहिणींची नावं आहेत का? नसतील तर हक्कसोडपत्र नोंदवलेलं आहे का? हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलीला मुलासारखाच जन्माने हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. लग्न होऊन गेलेली आत्या वीस वर्षांनी दावा लावते तेव्हा तिचं काही चुकत नसतं. तिला कुणी विचारलेलं नसतं.

मुखत्यारपत्र देणारा मरण पावला की ते संपतं. चौघं हयात आहेत का, पत्र नोंदणीकृत आहे का, त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे का, हे तिन्ही बघायला हवं. आणि एक सांगतो : एजंटच मुखत्यार असेल तर तुमच्याशी बोलणारा आणि विकणारा एकच माणूस झाला. मालकांशी तुमचं एकदाही बोलणं झालेलं नाही. चौघांचे फोन नंबर मागा. द्यायला का-कू झाली तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

शिवाय ३८ गुंठे हा पूर्ण हिस्सा आहे की मोठ्या हिश्श्यातला तुकडा? क्षेत्राच्या दृष्टीने अडचण दिसत नाही, तुकडेबंदीत (जमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणाऱ्या कायद्यात) जिरायतीचं प्रमाणभूत, म्हणजे कमीत कमी क्षेत्र २०२३ पासून २० गुंठे आहे. पण सामाईक हिश्श्यातून वाटप न करता घेतलंत तर तुम्ही घेताय तो अविभक्त हिस्सा. ‘हा कोपरा माझा’ असं तुम्हाला म्हणता येणार नाही. आधी महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली वाटप, पोटहिस्सा मोजणी, स्वतंत्र सातबारा, आणि मग खरेदी. उलट्या क्रमाने केलेलं निस्तरायला उमेदीची वर्षं जातात.

शेतकरी दाखल्याबद्दल मला जरा कठोर बोलावं लागेल. महाराष्ट्रात कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. एजंट ‘सोय’ करतो म्हणजे कुठल्या तरी गावच्या कुणाच्या तरी सातबाऱ्यावर तुमचं नाव घुसवतो, किंवा कागदच खोटा करतो. असा व्यवहार उघडकीला आला तर कलम ८४क खाली तो बेकायदा ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. एजंट तोवर दुसऱ्या तालुक्यात असतो. खोट्या कागदावर सही तुमची असते. दाखल्याची ‘सोय’ करतो, या त्याच्या एकाच वाक्यासाठी मी तुम्हाला हा माणूस सोडा म्हणेन, बाकी सगळं सोन्यासारखं असलं तरी.

दिरांचं नाव लावता येणार नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला इथे फ्लॅट घेता येतो. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली शेतजमीन ते ठेवू शकतात.

टोकनाचं थोडक्यात : आयकर कायद्याने स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घ्यायला मनाई आहे. द्यायचीच वेळ आली तर मालकाच्या बँक खात्यात, नोंदणीकृत साठेखत (पुढे खरेदी करण्याचा करार) करून, आणि वकिलाने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकतीची मुदत संपल्यावर. नोटीस रत्नागिरीच्या दैनिकात द्या आणि मुंबईच्या मराठी दैनिकातही, कारण हरकत घेणारे भाऊबंद तिथे आहेत. नोटरीच्या कागदावर विसार देऊ नका. ‘दुसरी पार्टी’ खरंच असेल तर तिला घेऊ द्या. राजापूर तालुक्यात जमीन संपलेली नाही.

आता सुट्टीचं. दिवाळीपर्यंत रजा नाही हे समजलं, पण शनिवार-रविवार तर आहेत. शुक्रवारी रात्री बंगळुरूहून कोल्हापूरची बस मिळते. सकाळी कोल्हापूर, तिथून अणुस्कुरा घाट उतरलात की राजापूर तालुक्यातच पाय पडतो. रविवारी संध्याकाळी परत निघा. आयुष्यातले १३ लाख घालण्याआधी दोन रात्री बसमध्ये काढायला हरकत नाही. एजंटला कळवू नका. त्याच्या गाडीत बसलात तर तो दाखवेल तेच दिसेल आणि तो भेटवेल तीच माणसं भेटतील. गावात उतरा, टपरीवर चहा घ्या, पोलीस पाटलांचं घर विचारा. ‘जमीन कशी आहे’ असं कुणाला विचारू नका, सगळे चांगलीच सांगतील. विचारा, ‘मे महिन्यात तुम्ही पाणी कुठून आणता?’, ‘इथे गाडी कुठपर्यंत येते?’, ‘या हिश्श्यात हल्ली कोण कसतं?’ तिसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायच्या आधी माणूस थबकला तर तिथे कुणाची तरी वहिवाट आहे असं धरून चाला. मग चतुःसीमेच्या चार घरी जा. आपलं गाव सांगा, आजोबांचं नाव सांगा. राजापुरात तेवढं पुरतं, पुढचं बोलणं तेच काढतील.

दुसऱ्यांदा जायचं ते शिमग्यात. शिमग्याला पालखी घरोघर येते आणि चाकरमानी एरवी कितीही लांब असला तरी घर उघडायला येतो. गणपतीतही येतो, पण तेव्हा पाऊस असतो, पाण्याचं खरं रूप दिसत नाही. फाल्गुनात विहिरी उतरू लागलेल्या असतात, गवत वाळलेलं असतं, आणि अकरापैकी निदान आठ-नऊ जण एका अंगणात सापडतात. कोण खुशीने विकतंय आणि कोण गप्प बसलंय ते पडवीत अर्धा तास बसलात तरी दिसतं. तोपर्यंत साठेखत नाही. विकणारा खरा असेल तर पाच महिने थांबेल.

आणि खरोखर जाताच आलं नाही, तर वकिलाचा माणूस किंवा तालुक्याचा खाजगी मोजणीदार पाठवा आणि त्याच्याशी थेट व्हिडिओ कॉलवर राहा. डांबरी रस्त्यापासून हद्दीपर्यंत एकदाही न थांबता चालत जायला सांगा. चारही कोपऱ्यांवर उभं करून प्रत्येक कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश मागवा, म्हणजे महाभूनकाशावरच्या आकाराशी जुळवता येईल. मध्येच रेंज जाते म्हणाला तर तेही लक्षात ठेवा, तुम्हाला तिथून काम करायचं आहे. पण या भेटीवर जमीन नाकारता येते एवढंच. घ्यायची तर स्वतः जायला हवं.

पत्रातलं एक वाक्य मी मुद्दाम शेवटाला ठेवलं. आजोबांचं घर १९९४ साली काकांनी विकलं. घर विकलं म्हणजे गावातले सगळे हिस्से विकले गेले असं नसतं. कोकणातली खाती विखुरलेली असतात : घराची जागा एका नंबरात, भातखाचर दुसऱ्या, वरकस डोंगरावर दोन गुंठे तिसऱ्या. विकणारा रस्त्याजवळचं विकतो, उरलेलं कुणाच्या लक्षातही राहत नाही. त्या रविवारी तुम्ही पैसे पाठवले नाहीत, आता येत्या रविवारी हे करा : महाभूलेखवर रत्नागिरी, राजापूर आणि बाबांचं गाव निवडा आणि आजोबांच्या नावाने शोधा. पूर्ण नावाने नाही सापडलं तर नुसत्या पहिल्या नावाने, मग काकांच्या नावाने. संगणकावर चढवताना नावं फार बिघडली आहेत, ऱ्हस्व-दीर्घ बदलून बघा. काकांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर त्याचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ती जमीन त्यांनी कुटुंबाच्या वतीने धरलेली आहे आणि त्यात तुमच्या बाबांचा हिस्सा होता.

असं एखादं खातं निघालं तर बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यासह वारस नोंदीचा अर्ज करा. तो ई-हक्क प्रणालीवर घरूनही होतो. नोंद मंजूर झाली की सातबाऱ्यावर तुमचं नाव येईल, वारसाने आणि सरळ मार्गाने. मग पुढे कुठेही जमीन घेताना तुम्हाला कुणाच्या ‘सोयी’ची गरज उरणार नाही. काकांच्या मुलांशी मात्र आधी बोला. नोटीस त्यांनाही जाते, आणि ती टपालाने कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेली बरी.

ती विहीर कुठल्या हिश्श्यात येते तेही शोधा. जुन्या सातबाऱ्यांवर इतर हक्कात विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा नावानिशी लिहिलेला असतो आणि घर विकताना तो पुष्कळदा तसाच राहून जातो. सर्व्हे नंबर सापडला की मला कळवा. टिपणाची नक्कल कुठल्या अर्जावर मागायची ते मी लिहून पाठवतो.